गणपतीनंतर हात रिकामे? घरातल्या गोल खांबावरचं पीओपी दुरुस्त करा, वर्षभर काम मिळेल

आपल्या नंदुरबारच्या गणेशमूर्ती गुजरात, मध्य प्रदेशपर्यंत जातात. पण विसर्जन झालं की कारागिरांचे हात रिकामे, आणि मग कित्येक जण कामासाठी सुरतची गाडी पकडतात. त्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून पीओपी मूर्तींवर टांगती तलवार आहेच. म्हणून आज मूर्तीच्या हातालाच जमेल असं दुसरं काम बघू: घरातल्या गोल खांबावरच्या, कमानीवरच्या तुटलेल्या नक्षीची दुरुस्ती.

सपाट भिंत कोणीही भरतो. गोलाईवर मात्र बरेच मिस्त्री म्हणतात, "सगळं तोडा, नवीन करू." मालकाचा खर्च वाढतो आणि जुनी नक्षी जाते. तुमची संधी नेमकी इथेच आहे.

आधी कारण शोधा
पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते परत जिप्सम होऊन घट्ट होतं. पण सतत ओल लागली तर मऊ पडतं. छत गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर पुढच्या पावसात नक्षी पुन्हा पडेल आणि नाव तुमचं खराब होईल. जुन्या वाड्यात चुन्याचं काम असेल तर तिथे चुनाच वापरा, सिमेंट नाही. बाहेरच्या भिंतीवर पीओपी लावूच नका.

कामाची पद्धत
१. बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तेवढं सुटं प्लास्टर काढा. कडा आतून थोड्या रुंद कोरा, म्हणजे नवीन माल अडकून बसेल. मोठा खड्डा असेल तर मालात काथ्या घाला.
२. त्याच खांबावरची शाबूत नक्षी शोधा. तिला तेलाचा पातळ हात लावा आणि शाडू दाबून ठसा घ्या. ठसा त्याच खांबाचा असल्यामुळे गोलाई आपोआप येते. काढताना तो वाकवू नका.
३. पाण्यात पावडर हळूहळू भुरभुरा, उलटं नाही. मूठभरच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा ढवळलं तर ताकद जाते.
४. ठशात तुकडा ओता. सुकला की मागची बाजू घासून खांबावर बसवून बघा.
५. जुनं प्लास्टर ओलं करा. कोरडं राहिलं तर ते नव्या मालातलं पाणी शोषून घेतं आणि जोड कच्चा राहतो. मग तुकडा पातळ पीओपीने चिकटवा.
६. साधी गोल पट्टी तुटली असेल तर चांगल्या भागाचा आकार पुठ्ठ्यावर घ्या, तसाच पत्रा कापा आणि ओल्या मालावरून ओढा. कमानीसाठी मध्यबिंदूवर खिळा आणि दोरी.
७. पूर्ण सुकल्यावरच पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. घासताना मास्क लावा. उरलेला माल मोरीत टाकू नका, पाइप तुंबतो.

आता पैशाचं बोला
आपले कारागीर बहुतेक इथेच मार खातात. फक्त पावडरचा भाव धरतात. समजा साहित्य ३०० रुपये, जाणं-येणं १००, काम ६ तास, आणि तासाचे १५० प्रमाणे ९००. झाले १३००. त्यावर २० टक्के नफा २६०. म्हणजे १५६० रुपये. सुकायला वेळ लागतो, म्हणून दोन फेऱ्या आधीच सांगा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. आधीचा आणि नंतरचा फोटो काढायला विसरू नका, कारण पुढचं गिऱ्हाईक तोच फोटो बघून येणार.

या आठवड्याचा गृहपाठ: घरी एखाद्या डब्याला पीओपीचा थर द्या, त्यावर नक्षी करा, तोडा आणि दुरुस्त करा. जोड दिसेनासा झाला की मगच शहाद्याला, तळोद्याला रंगाच्या दुकानांत आणि पेंटर लोकांकडे आपला नंबर देऊन या. पहिलं काम बहुतेक त्यांच्याकडूनच मिळतं.