मिनीव्हॅनच्या मागे ट्रेलर: ओढणे सोपे, आवरणे अवघड

माझी धाकटी बहीण अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहते. घरात ती, मेहुणे, दोन मुले आणि सासूबाई. दारात २०१५ ची टोयोटा सिएना, म्हणजे आपल्या इनोव्हापेक्षा लांबरुंद मिनीव्हॅन. सुट्टीत डोंगरात मुक्कामाला जाण्यासाठी त्यांनी पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेला एक लहान ट्रेलर पसंत केला. विक्रेता म्हणाला, "गाडी ३,५०० पौंड ओढते, ट्रेलर २,३०० पौंडांचा आहे. काळजीच नको." माझी नोकरी ईएमईमध्ये वाहनांच्या दुरुस्तीत गेली, म्हणून तिने मला विचारले. तिला जे कळवले तेच कॅडेट मित्रांसाठी आणि पालकांसाठी इथे देतो.

विक्रेत्याचे आकडे खोटे नव्हते, अपुरे होते. २,३०० पौंड म्हणजे सुमारे १,०४५ किलो, पण ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. टाकीत शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वाढले. गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या, मुलांच्या सायकली धरल्या की ट्रेलर १,३०० किलोंच्या घरात जातो. गाडीची मर्यादा सुमारे १,५९० किलो, म्हणजे हिशेब अजून बसतो. पण तो फक्त ओढण्याचा हिशेब झाला. ओढणे हे इंजिनाचे काम आणि इंजिन ते करते. गाडी सरळ ठेवणे आणि थांबवणे, खरा प्रश्न तिथे आहे.

बैलगाडी भरणारा माणूस ओझे थोडे पुढे ठेवतो. मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलंडते आणि जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तेच. त्याच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या बॉलवर यायला हवा. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि गाडीलाही फिरवतो. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडे पुढे, खाली ठेवायचे. सायकली ट्रेलरच्या पाठीमागे टांगणे हा सर्वांत वाईट प्रकार.

आता तरफेचा नियम. १,३०० किलोंचे १२ टक्के म्हणजे १५६ किलो. हा भार गाडीच्या मागच्या एक्सलच्याही मागे, साधारण १.२ मीटरवर पडतो. दोन्ही एक्सलमधले अंतर सुमारे ३ मीटर. मागचा एक्सल झाला टेकू, त्यामुळे पुढच्या एक्सलवरचे १५६ × १.२ ÷ ३, म्हणजे सुमारे ६२ किलो वजन उचलले जाते आणि मागच्यावर २१८ किलो वाढते. बहिणीची गाडी पुढच्या चाकांनी चालते. स्टिअरिंग तिथेच, ओढही तिथेच, आणि ब्रेकचा मोठा वाटाही तिथलाच. नेमकी तीच चाके हलकी होतात. पावसाळी रस्त्यावर याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

यावर मेकॅनिक मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवून देतात. गाडीचे बूड उचलले जाते, दिसायला छान दिसते, पण पुढच्या चाकांवरचे गेलेले वजन परत येत नाही. ते परत आणते ती भार वाटून देणारी हिच, ज्यात दोन पोलादी पट्ट्या दांड्याला ताण देऊन काही भार पुढे ढकलतात. मात्र काही गाड्यांच्या पुस्तिकेत तिला मनाई असते, म्हणून पुस्तिका आधी वाचायची. हिचच्या पट्टीवरची मर्यादाही पाहायची. ३,५०० पौंडांच्या हिचला बॉलवर बहुधा ३५० पौंड, म्हणजे १५९ किलोच चालतात. आपला हिशेब १५६ चा आहे.

दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद तर कोणी वाचतच नाही. त्यावर माणसे आणि सामान मिळून गाडी किती वजन वाहील ते लिहिलेले असते. बहिणीच्या गाडीवर १,१५० पौंड होते, म्हणजे ५२२ किलो. पाच माणसे २८० किलो, हिच २०, बॉलवरचा भार १५६. उरले ६६ किलो. टपावर सामान लादायचा बेत तिथेच संपला.

ब्रेकसाठी मी हट्टच धरला. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर हवाच. गाडी जितक्या जोराने मंदावते तितक्या प्रमाणात तो ट्रेलरचे ब्रेक लावतो. त्यासाठी सात पिनांचा जोड लागतो, चार पिनांच्या जोडातून फक्त दिवे चालतात. जोडणी तुटलीच तर एक तार खेचली जाते आणि ट्रेलरच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे दांडा सुटला तरी रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत पडतो. शिवाय गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा कूलर आणि बाजूला बाहेर येणारे लांब आरसे.

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर पोहोचतो. विरळ हवेत इंजिन दमते, ते चालेल, हळू चढावे. उतार मात्र कित्येक किलोमीटर लांब आहे. तिथे आपल्या घाटातला नियम लागू: जो गिअर चढताना, तोच उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून राहिले तर ते तापून निकामी होतात. ट्रेलर झुलू लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही आणि वेग वाढवून सरळ करायलाही जायचे नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. तो लिव्हर कुठे आहे हे मेहुण्यांना आणि बहिणीला, दोघांनाही डोळे मिटून सापडले पाहिजे.

निघण्यापूर्वी आपल्यासारखीच फर्स्ट परेड: टायरची हवा, चाकांचे नट, बॉलचे कुलूप, साखळ्या, दिवे. पहिल्या थांब्यावर पुन्हा तेच.

तिकडे ट्रकच्या थांब्यांवर प्रत्येक एक्सलचे वजन वेगळे सांगणारे काटे असतात. पहिल्या सहलीआधी तिने सगळ्यांना गाडीत बसवून, आधी ट्रेलरशिवाय आणि मग ट्रेलर जोडून वजन केले. पुढच्या एक्सलवर ५८ किलो कमी भरले. ट्रेलर मात्र १,३४० किलोंचा निघाला. तिने पाण्याची टाकी रिकामी केली. आता पाणी मुक्कामावर भरतात.