कर लहान माणसांनीच भरावा काय?

एखाद्या धनाढ्य उद्योगपतीवर करचुकवेगिरीचा खटला उभा राहिला, की लोकमत दोन टोकांना जाऊन बसते. श्रीमंत माणूस तुरुंगात गेला एवढ्यानेच काहींना न्यायाचे समाधान लाभते. तर हजारोंना रोजगार देणाऱ्याला हिशेबातल्या गफलतीपायी गुन्हेगार ठरविणे हा उद्योगशीलतेवरच घाला आहे, असे दुसरे म्हणतात. या दोन्ही भूमिका किती अपुऱ्या आहेत, हे न्यूयॉर्कमधील हॉटेलांच्या मालकीण लिओना हेम्सली यांच्या खटल्यावरून उमगते.

हेम्सली दांपत्याने १९८३ साली कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथे एक प्रासाद विकत घेतला आणि त्याच्या नूतनीकरणावर लक्षावधी डॉलर खर्च केले. ही बिले मात्र हॉटेलांच्या आणि इमारतींच्या कामाची म्हणून कंपन्यांच्या खात्यावर चढविण्यात आली. घरचा खर्च धंद्याचा दाखविला की नफा आटतो आणि नफा आटला की करही घटतो, युक्ती एवढीच. पुढे ज्यांचे पैसे थकले, त्या कंत्राटदारांकडूनच ही कागदपत्रे वृत्तपत्राच्या हाती गेली. १९८८ मध्ये आरोप ठेवले गेले. पती हॅरी हे प्रकृतीमुळे खटल्यास असमर्थ ठरले. ३० ऑगस्ट १९८९ रोजी ज्यूरीने लिओनाबाईंना दोषी ठरविले. सुमारे १२ लाख डॉलरचा केंद्रीय कर बुडविल्याबद्दल त्यांना चार वर्षांची कैद आणि ७१ लाख डॉलर दंड झाला.

खटल्यात सर्वांत गाजली ती त्यांच्या घरी काम केलेल्या एका स्त्रीची साक्ष. कर आपण भरत नाही, तो लहान माणसांनी भरावयाचा असतो, असे बाई म्हणाल्याचे तिने सांगितले. बाईंनी ते नाकारले. पण लोकांच्या मनात निकाल तेथेच लागला. त्यांच्या समर्थकांचा आक्षेप नेमका यावरच होता. हा खटला उद्धटपणावर चालला. शिवाय आरोप ठेवणारे सरकारी वकील रुडॉल्फ जुलियानी १९८९ मध्येच महापौरपदाला उभे राहिले. आणि त्याच वर्षांत या दांपत्याने कोट्यवधी डॉलरचा कर भरलाही होता, असे ते म्हणत.

यातील पहिला मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुसडेपणा हा गुन्हा नव्हे, आणि लोकप्रक्षोभाला बळी देण्यासाठी फौजदारी कायदा वापरला गेला तर आज श्रीमंत भरडला जाईल, उद्या कोणीही. परंतु त्याच ज्यूरीने खंडणीच्या आरोपातून बाईंना मुक्त केले होते. याचा अर्थ शिक्षा स्वभावाला नव्हे, कागदावरच्या लबाडीला झाली. राहिला भरलेल्या कराचा मुद्दा. कोट्यवधी भरले म्हणून लाखो बुडविण्याची मुभा मिळत असेल, तर ती सवलत कारकुनालाही द्यावी लागेल!

ती त्याला मिळत नाही. आपल्याकडे शिक्षकाचा वा कारकुनाचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. लपविण्याचा मोह व्हावा एवढीही उसंत त्याला नसते. १९९७ च्या स्वेच्छा उत्पन्न प्रकटन योजनेत मात्र वर्षानुवर्षे दडविलेले उत्पन्न व्यक्तींना ३० टक्के कर भरून उजळ करता आले आणि त्यावर दंड व खटल्यापासून अभयही मिळाले. त्याआधीच्या वर्षांत प्रामाणिक करदात्याने वरच्या टप्प्यावर ४० टक्के भरले होते. तिजोरीत पैसा आला, हे खरे. पण प्रामाणिक माणूस मूर्ख ठरला, या हानीचा हिशेब कोणी मांडला?

खटल्याचे प्रयोजन येथेच आहे. बुडालेली रक्कम दंडानेही वसूल होते; ढळलेला विश्वास तेवढ्याने परत येत नाही. म्हणून खटले मोजके असोत. पण ते पुराव्यावर उभे राहावेत आणि माणसाचे स्थान पाहून मागे घेतले जाऊ नयेत. लिओनाबाई १५ एप्रिल १९९२ रोजी तुरुंगात दाखल झाल्या. अमेरिकेत विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख तीच असते. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या सामान्य करदात्याला आपण एकटेच कायद्याचे बांधील नाही, एवढा दिलासा मिळाला असेल, तर त्या खटल्याने आपले काम केले.