बांध फुटल्यावर नव्हे, फुटण्यापूर्वी

खाडीकाठच्या गावांना एक प्रसंग नवा नाही. उधाणाच्या भरतीने खाजनाच्या बांधाला भगदाड पडते, खारे पाणी शेतात पसरते, शेतकरी कचेरीकडे धाव घेतात. पाहणी होते, अंदाजपत्रक होते, निविदा निघते. आणि दगडमाती बांधावर येऊन पडेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. सरकारी पैसा खर्च होतो, पण तो बांध राखण्यासाठी नव्हे, तो फुटल्याची किंमत म्हणून.

मांडवी, जुवारी, साळ या नद्यांच्या काठची सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन ही निसर्गाची देणगी नाही. भरतीच्या पातळीखालची ही भूमी आपल्या पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून खाडीकडून मिळवली. बांदोडे येथील प्राचीन ताम्रपटात खाजनाचा उल्लेख आढळतो, एवढी ही विद्या जुनी आहे. बांधातल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. पावसाचे गोडे पाणी मातीतले मीठ धुऊन नेते आणि कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात त्यावर पिकते. ही व्यवस्था विजेवाचून चालते. माणसावाचून मात्र चालत नाही. कुर्ल्यांनी पोखरलेली बिळे बुजविणे, खचलेली बाजू चिखलाने लिंपणे, कुजलेले दार बदलणे, ही कामे वर्षानुवर्षे चुकता कामा नयेत.

पूर्वी हा भार गावकारी वाहत असे. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळाले हे न्याय्यच झाले. त्याबरोबर बांधांची संयुक्त जबाबदारीही पुढे कुळांवर व त्यांच्या संघटनांवर आली. परंतु भाताच्या उत्पन्नात मजुरीच निघेनाशी झाली, तरुण नोकरीकडे वळले. खाणींच्या भरभराटीच्या काळात बार्जींच्या लाटांनी बांध झिजले. मानशीच्या लिलावातून मासळीचा पैसा येऊ लागल्यावर खारे पाणी आत घेण्यातच काहींचे हित दिसू लागले. अशा स्थितीत शेतकऱ्याला केवळ कर्तव्याची आठवण करून देणे सोपे आहे. पण त्याने भागणार नाही.

आमचे म्हणणे असे की, अनुदानाची दिशाच बदलावी. मोठ्या दुरुस्त्यांना पैसा लागेलच. परंतु बांधाच्या लांबीच्या हिशेबाने वार्षिक राखणीची ठरावीक रक्कम प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती पडावी. तिचा अर्धा भाग पावसापूर्वी आणि अर्धा पावसानंतर, बांधाची पाहणी करूनच द्यावा. पाहणीचा निकाल पंचायतीच्या फलकावर लागावा. मानशीच्या लिलावाचा ठरावीक हिस्सा बांधाच्या निधीत जमा झाल्यावाचून लिलाव मंजूर होऊ नये.

पैसे वाटले की ते जिरतात, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण जे काम गावातील प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते, तेथे लबाडी झाकणे कठीण असते. बंद कचेरीत होणाऱ्या कंत्राटाविषयी असे म्हणता येत नाही.

विलंबाची किंमत मोठी आहे. पाणी शिरलेल्या शेतात काही वर्षांत कांदळवन उभे राहते. कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण मग तेथे पुन्हा नांगर चालणे जवळपास अशक्य होते. २०११ च्या किनारी अधिसूचनेने खाजनांच्या रक्षणाची ग्वाही दिली आहे, परंतु कागदाने भरती थोपत नाही. बांध गेला तर शेताबरोबर काठच्या विहिरींचे पाणीही खारट होते, आणि मग शेती न करणाऱ्या घरालाही हा प्रश्न आपला वाटू लागतो. तो आजच वाटला, तर थोड्या खर्चात सुटण्यासारखा आहे.