उसाच्या ट्रेलरला उटी कशी निवडावी?

गळिताचा हंगाम सुरू झाला की सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रेलरांची रीघ लागते. ट्रॅक्टरपासून सोडविलेल्या ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. भरल्या ट्रेलरास थोपवून धरते ती चाकाखालची उटी. ह्या कामी हाताशी येईल तो दगड लावण्याची वहिवाट धोक्याची आहे. गोल दगड निसटतो, लहान दगडावरून चाक चढून जाते. आणि रस्त्यातच राहिलेला दगड रात्री दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो.

ह्यास्तव बाभळीच्या पक्क्या लाकडाची, पाचरीच्या आकाराची उटी करावी. तिची उंची टायरच्या व्यासाच्या निदान पावपट असावी. म्हणजे ९० सेंटिमीटर व्यासाच्या टायरला सुमारे २३ सेंटिमीटर. रुंदी टायरइतकी व तळ सपाट, खरबरीत असावा. चिरलेली उटी वापरू नये.

ट्रेलर सोडविण्यापूर्वीच उट्या घट्ट बसवाव्यात. उतारावर दोन्ही बाजूंच्या चाकांस उताराच्या अंगाने, तर सपाटीवर पुढून व मागून लावाव्यात. प्रत्येक उटी दोरीने ट्रेलरला बांधून ठेवावी, म्हणजे निघताना ती रस्त्यावर राहत नाही. एवढ्याशा दक्षतेने आपला माल व परक्याचा जीव दोन्ही राखले जातात.