एकाच देगेतलं जेवले, मग आजारी पाच-सातच का? आपल्या पोटातल्या पहारेकऱ्यांची ओळख

पावसाळ्यातली दावत झाली की दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात एक चर्चा हमखास ऐकू येते. दोनशे माणसं एकाच देगेतलं जेवली, एकाच ड्रममधलं पाणी प्यायली. त्यातल्या पाच-सात जणांना उलट्या-जुलाब झाले, बाकीचे ठणठणीत. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं त्याचं पोटच कमजोर.

दुसरं उत्तर निम्मं बरोबर आहे. पोटाची ताकद खरंच माणसागणिक वेगळी असते. पण ती नशिबाने ठरत नाही. तिच्यामागे एक पूर्ण व्यवस्था आहे आणि ती आपल्या घरातल्या सवयींनी सुधारते किंवा बिघडते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात, तेव्हा आम्हा शिक्षकांना हे फार जाणवतं. म्हणून ही व्यवस्था सोप्या भाषेत समजून घेऊ.

पोटातली वस्ती

आपल्या आतड्यात, खास करून मोठ्या आतड्यात, जिवाणूंची मोठी वस्ती असते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी भरतात साधारण ३० लाख कोटी. म्हणजे पाहुणे यजमानांपेक्षा कमी नाहीत! या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम.

हे जिवाणू फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा ते खातात आणि त्यापासून काही सौम्य आम्लं तयार करतात. या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. शिवाय रोगजंतूंना अशा आंबट जागेत वाढणं जड जातं. दुसरं म्हणजे जागा आणि अन्न आधीच या वस्तीने घेतलेलं असतं. बाहेरून आलेल्या जंतूला ना पाय ठेवायला जागा, ना खायला दाणा. तिसरं, काही जिवाणू परक्या जंतूंना मारणारे पदार्थ स्वतःच सोडतात.

हा पहारा किती कामाचा, हे १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात दिसून आलं. टायफॉइडच्या जंतूच्या जवळचा नातेवाईक असलेला साल्मोनेला जिवाणू उंदरांना पाजला. निरोगी उंदरांना आजारी पाडायला सुमारे १ लाख जंतू लागत होते. मग काही उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. त्यांच्या आतड्यातली वस्ती उजाड झाली आणि १० पेक्षाही कमी जंतू त्यांना आजारी पाडायला पुरले. जंतू तोच, उंदीर तसेच. फरक फक्त पहारेकरी हटल्याचा.

भिंत आणि शिपाई

जिवाणूंच्या जोडीला शरीराचा स्वतःचा बंदोबस्तही असतो. पहिली चौकी जठरातल्या तेजाब्यासारख्या आम्लाची. पुष्कळसे जंतू तिथेच मरतात. पुढे आतड्याच्या आतून चिकट लेप असतो. त्याखाली पेशींची भिंत, तीही फक्त एका पेशीच्या जाडीची. ही भिंत दर ३ ते ५ दिवसांनी नव्याने बांधली जाते. भिंतीतल्या काही पेशी जंतुनाशक पदार्थ सोडतात.

भिंतीच्या मागे रोगप्रतिकारक पेशींची छावणी असते. शरीरातल्या या पेशींचा मोठा साठा आतड्याच्या आसपास असतो. त्या ‘आयजीए’ नावाची प्रतिद्रव्यं तयार करतात. ही प्रतिद्रव्यं लेपात मिसळतात, जंतूला वेढून टाकतात आणि भिंतीला चिकटूच देत नाहीत.

या पेशींना तालीम कोण देतं? आतड्यातली तीच वस्ती. प्रयोगशाळेत पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती अर्धवटच वाढते. आपला कोण, परका कोण, ही ओळख रोजच्या सहवासातूनच होते.

आता दावतीचा प्रश्न सोडवू. त्या पाच-सात जणांपैकी कुणाच्या ताटात जंतू जास्त आले असतील. कुणी आठवडाभर आधी अँटिबायोटिकचा कोर्स केला असेल. कुणी रोज ॲसिडिटीची गोळी खात असेल, म्हणजे पहिली चौकीच ढिली. कुणी लहान मूल असेल, कुणी म्हातारं, कुणी अशक्त. सगळ्यांनी जंतू खाल्ले, पण प्रत्येकाच्या दारावरचा बंदोबस्त सारखा नव्हता.

बाळाचं पोट कोरी पाटी

सगळ्यात कमजोर बंदोबस्त नवजात बाळाचा. त्याच्या आतड्यातली वस्ती जन्मानंतर बसू लागते. इथे आईच्या दुधाला तोड नाही. पहिल्या दिवसांतलं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, आयजीएने भरलेलं असतं. ‘जड पडेल’ म्हणून ते पिळून टाकणं म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण फेकून देणं. आईच्या दुधात काही अशा साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. मग त्या कशासाठी? त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचा खुराक आहेत. दूध बाळाबरोबर त्याच्या पहारेकऱ्यांनाही पोसतं.

कुरआनमध्ये सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ दूध सुरू ठेवायला सांगते.

एक गोष्ट मात्र दादी-नानींनी मनावर घ्यावी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला शहद चाटवू नये. शहदात कधी कधी बोट्युलिझम या आजाराच्या जिवाणूची बीजं असतात. मोठ्यांच्या आतड्यातली वस्ती त्यांना उगवू देत नाही, बाळाच्या आतड्यात ती अडवणूक तयार झालेली नसते. तिथे ही बीजं वाढून विष सोडू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. शहदात शिफा आहे, यात शंका नाही. ती वर्ष पूर्ण झाल्यावर घ्यावी. घुट्टीचंही तसंच, सहा महिन्यांआधी नकोच.

चांगल्या जिवाणूंची ताकद आपल्याच देशातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसली. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत एक निवडक जिवाणू आणि त्याचा खुराक असं मिश्रण सात दिवस दिलं. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्यात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्के होतं. मिश्रण मिळालेल्या बाळांत ते ५.४ टक्क्यांवर आलं. म्हणून तान्ह्या बाळाला दही चाटवायचं, असा अर्थ कुणी काढू नये. तो जिवाणू पारखून निवडलेला होता.

दोन थेंब तोंडातूनच का?

पोलिओच्या थेंबांबद्दल आपल्या समाजात एके काळी बऱ्याच अफवा पसरल्या. तेव्हा उलेमा आणि डॉक्टर एकत्र उभे राहिले, घरोघरी समजूत घातली गेली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ‘एकदा पाजलं, पुन्हा पुन्हा कशाला?’ हा तेव्हाचा सवाल होता. उत्तर पोटातच आहे. तोंडातून दिलेला डोस थेट आतड्यातल्या शिपायांना तालीम देतो. पण जिथे मुलांना सतत जुलाब होतात, तिथे ही तालीम नीट होत नाही. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये म्हणूनच जास्त डोस द्यावे लागले.

रोटाव्हायरसची गोष्टही तशीच. लहान मुलांच्या गंभीर जुलाबाचं हे मोठं कारण. त्यावरची भारतीय लस दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू इथे ६,७९९ बाळांवर तपासली गेली. पहिल्या वर्षात गंभीर आजारापासून तिने सुमारे ५६ टक्के संरक्षण दिलं. श्रीमंत देशांत अशा लसींचा आकडा बराच वर जातो. अस्वच्छता, कुपोषण आणि आतड्यातली बदललेली वस्ती ही त्यामागची कारणं मानली जातात. तरीही निम्म्याहून जास्त गंभीर आजार टळणं ही छोटी गोष्ट नाही. महाराष्ट्रात २०१९ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. डोस चुकवू नका.

‘स्ट्राँग दवा द्या’ म्हणण्याआधी

मुलाला जुलाब लागले की आपण मेडिकलवर जाऊन ‘बंद होणारी गोळी’ मागतो. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. ते मारतं कुणाला? पहारेकऱ्यांना. शिकागोचे उंदीर आठवा.

मोठ्या माणसांतही अँटिबायोटिकनंतर कधी एक हट्टी जिवाणू आतड्यात ठाण मांडतो आणि जुलाब थांबतच नाहीत. नेदरलँड्समध्ये अशा १६ रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीवाटे आतड्यात पोहोचवले. त्यांपैकी १५ बरे झाले. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वस्तीची किंमत जगाला पटवली.

औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. टायफॉइड किंवा रक्ताची हगवण असेल तेव्हा अँटिबायोटिक जीव वाचवतं. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्णच करावा. ठरवायचं त्यांनी, आपण नाही.

घरात काय करायचं?

- जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
- आईचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. डॉक्टरांना विचारून मुलाला १४ दिवस झिंक द्या.
- डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडलं, शौचातून रक्त आलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी थांबू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असो, सावंगीचं असो की जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, लगेच गाठा.
- वजू पाण्याने होतो, पण संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबण हवाच. कुर्बानीचं कच्चं मटण कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कांदा-काकडीला लावू नका.
- पहारेकऱ्यांना खुराक द्या: ज्वारीची भाकरी, तूर, हरभरा, अंबाडीची भाजी, पेरू, आपल्याकडची संत्री. जेवणात दही किंवा मठ्ठा असू द्या. रमजानमध्ये इफ्तारला भज्यांच्या जोडीला उकडलेले चणे आणि फळं ठेवा.

१९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले, तेव्हा गावसफाईला त्यांनी अग्रक्रम दिला. त्याच सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात १९६९ पासून डॉक्टर घडतात आणि शिकता शिकता खेड्यांत जाऊन राहतात. कारण पोटाचा आजार दवाखान्यात बरा होतो, पण तो सुरू होतो पाण्याच्या माठाशी, नळाशी, नालीशी. पोटातले पहारेकरी त्यांचं काम इमानेइतबारे करतात. एकाच वेळी येणाऱ्या जंतूंची फौज कमी ठेवणं आणि विनाकारण गोळ्या देऊन त्यांनाच न मारणं, एवढं काम आपलं. या आठवड्यात घरातला पाण्याचा माठ घासून घ्या, बाळाचं लसीकरण कार्ड काढून तारखा बघा, आणि ओआरएसच्या दोन पुड्या कपाटात आणून ठेवा.