हरमलच्या तळ्यात ऊन पाणी नाही

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचं तळं आहे. ‘याच्या तळाशी गरम पाण्याचा झरा आहे आणि ही पिवळी माती गंधकाची,’ असं पेडण्यात आलेल्या पाहुण्यांना हमखास सांगितलं जातं. मग माणसं अंगाला माती फासून उन्हात वाळत बसतात.

तळ्यात उतरलं की दुपारी वरचा वीतभर थर कोमट लागतो. ती उन्हाची ऊब. पाय खाली गेला की गारवा जाणवतो, कारण हे पाणी मागच्या रानातल्या ओहोळाचं आहे. जांभ्याच्या मुलखात मातीला पिवळा-तांबडा रंग येतो तो लोहामुळे. चिखल ढवळल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तरी तो भूगर्भातून आला असं समजायचं कारण नाही. तळाशी पालापाचोळा हवेवाचून कुजतो, तेव्हा जिवाणू तशाच वासाचा वायू तयार करतात.

ऊन पाणी पाहायचंच असेल तर पत्रादेवीची सीमा ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात जावं लागतं. कोकणातल्या उष्ण झऱ्यांचा पट्टा पालघरमधल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे आणि गोवा त्याच्या बाहेर आहे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात पाणी साधारण ४२ अंशांचं, संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळला साठीच्या आसपास आणि दापोलीतल्या उन्हवरे इथे सत्तरीच्या जवळ.

‘म्हणजे खाली ज्वालामुखी जिवंत आहे,’ हा सगळ्यांत हट्टी गैरसमज. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली. तो केव्हाच निवला. कोकणातलं पाणी तापतं ते साध्या खोलीमुळे. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या खडकात तापतं आणि दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येतं. वाटेत निवायला वेळ मिळाला नाही की झरा ऊन, रेंगाळला की कोमट. या पाण्यातल्या समस्थानिकांच्या तपासणीतूनही त्याचा उगम पाऊसच असल्याचं दिसतं.

कुंडात बुडबुडे दिसले की लोक म्हणतात, पाणी उकळतंय. ते वायूचे बुडबुडे असतात, कोकणच्या झऱ्यांत मुख्यतः नायट्रोजनचे. तरी हात घालण्याआधी विचारून घ्यावं, कारण साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं.

राजापूरची गंगा आणि उन्हाळ्याचं ऊन पाणी एकच, असंही अनेकांना वाटतं. गंगेची चौदा कुंडं वेगळ्या ठिकाणी आहेत आणि ती मधूनच प्रकटते. ऊन झरा मात्र रोज वाहतो. भूगर्भातल्या पोकळ्या भरल्या की वक्रनलिकेसारखं पाणी एकदम बाहेर पडतं, असा गंगेबाबतचा खुलासा केला जातो. तेव्हा सहलवाल्याने ‘गंगास्नान’ कार्यक्रमात छापलं असेल तर निघण्यापूर्वी ती आली आहे का, हे विचारा. पेडण्याहून राजापूर एका दिवसात आरामात होतं. तुरळही जोडायचं तर पहाटे निघावं लागेल, आणि बहुतेक वेळ गाडीतच जाईल.

आंघोळीने त्वचारोग बरा होतो, ही श्रद्धा जुनी आहे. ऊन पाण्यात आखडलेल्या सांध्यांना आराम मिळतो हे खरं, पण खरूज-नायट्यासारखे संसर्ग सामाईक कुंडातून बरे होण्यापेक्षा पसरण्याचीच भीती अधिक. उघडी जखम असेल तर उतरू नका. कोमट गोड्या पाण्यात डोकं बुडवून नाकात पाणी जाऊ देऊ नका. मेंदूला घातक ठरणारा अमीबा त्याच वाटेने शिरतो. साबण तर अजिबात नको.

खाली खरोखर ज्वालामुखी असलेलं, अमेरिकेतल्या यलोस्टोनसारखं उद्यान आपल्याकडे नाही. १८७२ साली घोषित झालेल्या त्या राष्ट्रीय उद्यानाखाली काही किलोमीटरवर आजही वितळलेला खडक आहे, म्हणून तिथे पाणी उसळून फवारे उडतात. तिथले वाटाडे लाकडी फळ्यांची वाट सोडू देत नाहीत. लोकांना तो जाच वाटतो, पण कडेची जमीन पापडासारखी पातळ असते आणि तिच्याखाली उकळतं पाणी. तिथे माणसं मेली आहेत. आणि ज्या रंगीत थरांवर नाणी फेकायचा मोह होतो, ते जिवाणू आहेत. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना तिथल्या ऊन पाण्यात सापडलेल्या एका जिवाणूचं विकर पुढे पीसीआर चाचणीचा कणा झालं. कोविडच्या काळात आपल्या नाकातून घेतलेले नमुने त्याच तंत्राने तपासले गेले.

आता डिचोलीकडे वळतो, कारण मला सर्वांत जास्त खटकतो तो गैरसमज इथला आहे: ‘आपल्याकडे ऊन पाणी नाही, म्हणजे जमिनीखाली जपण्यासारखं काही नाही.’ गोव्याचे झरे गार आहेत आणि तेही पावसाचेच. जांभ्याच्या सड्यात मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि पायथ्याशी फुटतं. वेर्ण्याचं केसरवाळ, साळगावचं साल्मोना हे असेच झरे. डिचोलीत खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, खड्ड्यांतलं पाणी पंपाने उपसावं लागलं, आणि आसपासच्या विहिरींनी त्याची किंमत मोजली. खड्ड्यांतलं निळं-हिरवं पाणी पाहुण्यांना फोटोसाठी आवडतं. ते नैसर्गिक तळं नव्हे आणि पोहण्याजोगं तर नाहीच, कारण कडा ढासळतात आणि खोली एकदम वाढते. डिचोलीच्या सहलीत वाटाड्याने हा खड्डा जरूर दाखवावा, आणि त्याआधी गावातली एखादी विहीर.