टाकळा, गोवा पावडर आणि गजकर्ण

पावसाळ्यात जांघेत किंवा कमरेला गजकर्ण उठले की जुन्या घरांतून टाकळ्याचे बी आठवते. ते ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावायची रीत निराधार नाही. या बियांत क्रायसोफॅनॉलसारखी रसायने असतात आणि प्रयोगशाळेतल्या बशीत ती गजकर्ण करणाऱ्या बुरशीला आवर घालू शकतात. पण बशीत वाढ थांबणे वेगळे आणि माणसाच्या कातडीवरचा रोग समूळ जाणे वेगळे. रसायन नेमके कोणते, किती मात्रेत आणि किती दिवस लावायचे, हे ठरल्याशिवाय झाडाला औषध म्हणण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा सर्वात बोलका पुरावा गोव्याचे नाव मिरवणारा आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ ही पिवळसर पूड गजकर्णावर वापरली जाई. ती मुळात गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या बाईया भागातल्या अरारोबा झाडाच्या खोडातील भेगांत ती साठते, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती इकडे पोचली. खोड फोडून पूड खरवडणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे सुजत. तिच्यातून काढलेल्या क्रायसारोबिनने रुग्णांची कातडी भाजल्यासारखी लाल होई, कपड्यांवर डाग पडत. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत त्याच्याशी मिळतेजुळते डायथ्रॅनॉल वापरात आले, ते सोरायसिससाठी. पूड गजकर्णावरची म्हणून गाजली, पण तिच्या शोधातून टिकाऊ उपयोग निघाला तो भलत्याच रोगावर. परंपरेने दाखवलेली दिशा मोलाची होती, तिचा अर्थ मात्र तपासणीनेच लागला.

एरंडेलाचेही तसेच. ते तीव्र उष्णतेने विघटित करून मिळणारे अनडेसिलेनिक आम्ल पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर अनेक देशांत विकले जाते. पण हे आम्ल प्रक्रियेतून तयार होते, म्हणून नुसते एरंडेल चोळून तो गुण येत नाही. लसणातल्या अजोईनचे ०.४ टक्के मलम व्हेनेझुएलात ३४ रुग्णांच्या पायावरील बुरशीवर वापरले, तेव्हा ७ दिवसांत २७ जण बरे झाले. निष्कर्ष आशादायक आहे, पण रुग्ण थोडे. आणि कच्चा लसूण ठेचून बांधला तर कातडी भाजते.

कोणी म्हणेल, टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही गजकर्णाची बुरशी भारतात पसरली असताना वनस्पतींकडे वळायलाच हवे. वळायला हवेच. या बुरशीने औषधाचे लक्ष्य असलेले विकरच बदलून घेतले आहे, म्हणून वेगळ्या मार्गाने मारणारी रसायने हवीत. दुसरा आक्षेप असा की, झाडपाल्यात मोठा नफा नसल्याने कंपन्या चाचण्या करत नाहीत. हे बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच टाकळ्याच्या अर्काची चाचणी सरकारी पैशाने, ठरलेल्या मात्रेत आणि प्रचलित मलमाशी तुलना करून व्हावी. तोवर गजकर्णाच्या रुग्णाने स्टेरॉइड मिसळलेली मलमे स्वतःहून लावणे थांबवावे. त्याने खाज कमी वाटते, पण बुरशी पसरत जाते. त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे ही स्वस्त, साधी चाचणी आहे. ती आधी करावी.